फायनिंगर अमेरिकन की जर्मन, आणि छत्तिसाव्या वर्षी पेंटिंगला लागून तो एवढा पुढे कसा गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की लायोनेल फायनिंगरला एका पुस्तकात अमेरिकन पेंटर म्हटलंय, दुसऱ्यात जर्मन एक्सप्रेशनिस्ट (म्हणजे दिसतं तसं न काढता आतली भावना रंग-रेषांत आणणारा चित्रकार), मग नक्की काय धरायचं. आणि छत्तिशीपर्यंत पेपरात कार्टून काढणारा माणूस बाउहाउससारख्या ठिकाणी, म्हणजे जर्मनीतल्या त्या प्रसिद्ध कला-डिझाइन शाळेत, पहिला मास्टर, म्हणजे शिक्षक, कसा काय होतो. शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की तुम्ही स्वतः ३४ वर्षांचे आहात, जाहिरात एजन्सीत स्टोरीबोर्ड आणि इलस्ट्रेशनचं काम करता, ब्रश हातात घ्यायचाय पण आता वेळ गेली असं सारखं वाटतं. ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मी २६ वर्षं वुडकट, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे, करतेय, त्यातली १७ वर्षं शिकवतेय, आणि मला फायनिंगर पहिल्यांदा भेटला तो लाकूड कोरणारा माणूस म्हणून, त्याची पेंटिंग्ज मी बऱ्याच नंतर पाहिली. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार हे आधीच सांगते.

पासपोर्टाचं आधी उरकून टाकू. जन्म १७ जुलै १८७१, न्यूयॉर्क. वडील कार्ल फायनिंगर, व्हायोलिन वाजवायचे, कंपोझर होते, मूळचे जर्मनीतल्या बाडेन भागातले. आई एलिझाबेथ गायिका. दोघं कार्यक्रमांच्या दौऱ्यांवर असायचे, घरात दिवसरात्र संगीत, आणि पोरानं व्हायोलिनच करायचं हे ठरलेलं. १८८७ साली, १६ व्या वर्षी, संगीत शिकायला म्हणून तो जर्मनीला गेला आणि तिथं हॅम्बुर्गला ड्रॉइंगच्या वर्गात जाऊन बसला, पुढच्या वर्षी बर्लिनच्या अकादमीत. मग अधूनमधून पॅरिस, पण मुक्काम जर्मनीतच, तो थेट १९३७ पर्यंत. म्हणजे ५० वर्षं. या सगळ्या काळात नागरिकत्व मात्र अमेरिकेचंच ठेवलं. आता असा माणूस जर्मन म्हणायचा का अमेरिकन? तिकडे असताना तो लोकांना अमेरिकन वाटायचा, आणि म्हातारपणी न्यूयॉर्कला परतला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला जर्मन पेंटरांच्या यादीत टाकलं. परदेशात चाळीसेक वर्षं काढून पुण्याला परत आलेल्या कुणालाही विचारा, ते तुम्हाला हे जास्त नीट सांगतील.

मला विचाराल तर त्याच्या चित्रांत शिकलेला हात जर्मन आहे आणि डोळ्यात साठवलेलं सगळं न्यूयॉर्कचं आहे. लहानपणी तो काय बघायचा? रेल्वेची इंजिनं, हडसन नदीतल्या आगबोटी, सेंट्रल पार्कच्या तळ्यात लोक सोडायचे त्या खेळण्यातल्या शिडाच्या नावा, तो स्वतःही तसल्या नावा बनवायचा. पुढच्या ७० वर्षांतली त्याची चित्रं काढून बघा, पूल, इंजिनं, शिडं, समुद्राची सपाट रेघ, टोकदार कळस, एवढ्याच गोष्टी परत परत येतात. तो नवे विषय शोधत कधी फिरला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी याच्यावरच परत येणार आहे.

आता कार्टूनचं. १८९० च्या दशकात बर्लिनमध्ये विनोदी साप्ताहिकं जोरात होती, उल्क, लुस्टिगे ब्लेटर वगैरे, आणि फायनिंगर त्यांच्यासाठी १५ एक वर्षं काढत होता. जर्मनीतल्या आघाडीच्या व्यंगचित्रकारांत त्याचं नाव घेतलं जायचं, म्हणजे हौसेचं काम नव्हतं, चांगला चाललेला धंदा होता. अंक ठरलेल्या दिवशी निघणार म्हणजे निघणार, जागा ठरलेली, छपाई कशी होणार ते ठरलेलं. तुम्ही एजन्सीत आहात तर हे मी तुम्हाला काय सांगणार! पण यातून हाताला काय मिळतं ते बघा. छोट्या चौकटीत मोठी जागा कशी दाखवायची, उंच बारीक माणसाशेजारी बुटका जाड माणूस ठेवला की रस्ता आपोआप खोल कसा वाटतो, रेघ कुठं जाड ठेवायची म्हणजे वाईट छपाईतसुद्धा मरणार नाही. हे सगळं त्यानं पगारी कामात शिकून घेतलं, अकादमीत त्याला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही.

१९०६ मध्ये एक मजेदार संधी आली. शिकागो ट्रिब्यून या पेपराला रविवारच्या पुरवणीसाठी जर्मनीतले चित्रकार हवे होते, कारण शिकागोत जर्मन वस्ती भरपूर, आणि त्यांचा संपादक थेट जर्मनीला येऊन चित्रकार गोळा करून गेला. त्यात फायनिंगर होता. त्यानं दोन कॉमिक काढली. एक किन-डर-किड्स, ज्यात काही पोरं घरातल्या आंघोळीच्या टबात बसून जगाच्या सफरीला निघतात आणि मागून मावशीबाई एरंडेलाची बाटली घेऊन त्यांना पकडायला येतात. दुसरं वी विली विंकीचं जग, त्यात एक छोटा मुलगा फिरतोय आणि घरं, झाडं, ढग, इंजिन, सगळ्यांना चेहरे आहेत. दोन्ही वर्षभरसुद्धा चालली नाहीत. पण कॉमिकच्या इतिहासात आजही त्यांचं नाव निघतं, आणि त्या विली विंकीच्या पानांतली घरं नीट बघितली तर पुढच्या पेंटिंगमधली घरं तिथंच उभी आहेत, वाकलेली, एकमेकांवर झुकलेली, जिवंत. मी वर्गात ही पानं आधी दाखवते आणि मग पेंटिंग्ज दाखवते, मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही.

त्या करारानं महत्त्वाचं काम हे केलं की हातात पैसे आले आणि तो पॅरिसला जाऊन राहिला, सोबत युलिया बेर्ग. युलिया स्वतः चित्रकार होती, वायमारला शिकत होती. फायनिंगरचं पहिलं लग्न झालेलं होतं, दोन मुली होत्या, ते लग्न मोडलं, १९०८ मध्ये युलियाशी लग्न झालं, पुढे तीन मुलगे. त्यातला थोरला आंद्रेआस फायनिंगर म्हणजे लाइफ मासिकाचा तो मोठा फोटोग्राफर, तुम्ही त्याचे न्यूयॉर्कचे फोटो बघितले असतीलच. घरच्या गोष्टीत मी जास्त शिरत नाही, पण एवढं नक्की की बाजारातलं काम सोडून पेंटिंगला लाग हे धाडस त्यानं एकट्यानं केलेलं नाही, युलिया मागे होती.

तर १९०७, वय ३६, पहिली तैलचित्रं. आणि काय काढलं? कार्टूनच. म्हणजे माणसं तीच, उंच टोप्या घातलेली, लांबलचक पायांची, फक्त आता कॅनव्हासवर आणि रंग एकदम भडक, गुलाबी आकाश, हिरवे चेहरे. १९११ चं आर्केयचा कार्निव्हल म्हणून एक चित्र आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असतं, नेटवर सहज मिळेल, मागे प्रचंड मोठा कमानींचा पूल आणि खाली गल्लीत ही विचित्र मंडळी चालली आहेत. माझं हे अतिशय आवडतं चित्र आहे. इथं तो कुणाचंच अनुकरण करत नाही, त्याला जे येत होतं तेच घेऊन तो आत शिरलाय. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली होती आणि तिथंच त्यानं क्युबिस्ट लोकांचं, म्हणजे वस्तू कोनाकोनांत फोडून दाखवणाऱ्या चित्रकारांचं, काम बघितलं. बरेच जण लिहितात की क्युबिझम बघितला आणि फायनिंगर बदलला. मला हे अर्धवट वाटतं. पिकासो आणि ब्राक गिटार, बाटली, टेबल फोडत होते, खोलीतल्या वस्तू. फायनिंगरनं फोडला तो उजेड. वस्तू तो तशी शाबूत ठेवतो, देऊळ देऊळच दिसतं, बोट बोटच, पण आजूबाजूची हवा काचेच्या तावांसारखी पडते आणि ते ताव एकमेकांतून आरपार दिसतात.

हे कळायला गेल्मेरोडा बघायला लागतं. वायमारच्या बाहेर चार-पाच किलोमीटरवर छोटं खेडं आहे. युलिया वायमारला शिकत असताना १९०६ मध्ये हा तिकडे गेला, सायकलवर आसपासची खेडी पालथी घातली, आणि या खेड्यातलं चर्च त्याच्या मनात जे बसलं ते कायमचं. १९१३ ते १९३६ या काळात एकट्या गेल्मेरोडावर त्यानं १३ तैलचित्रं केली, त्यांना नंबरच दिले, शिवाय वुडकट, जलरंग, स्केचेस वेगळे. काही वर्षांपूर्वी एका प्रिंटमेकिंग वर्कशॉपसाठी जर्मनीत होते तेव्हा मी मुद्दाम तिकडे गेले. आणि खरं सांगते, पोचल्यावर पहिल्यांदा वाटलं चुकीच्या गावात उतरले. चर्च इतकं लहान आहे! साधं दगडी, बुटकं, त्यावर एकदम निमुळता टोकदार कळस, बस. चित्रांत ते शंभर दीडशे फुटी कॅथेड्रलसारखं दिसतं. मी समोर गवतात तासभर बसले आणि हळूहळू लक्षात आलं की तुम्ही अगदी जवळ, भिंतीपाशी उभं राहून मान वर केली की मग कळस तसा दिसतो, आकाशात घुसलेला. म्हणजे त्यानं बहुतेक ती उंची खालून, जवळून घेतली आहे, आणि मग चित्रात खाली अगदी बारीक माणसं टाकली आहेत, की झालं, चर्च वाढलं. ही जुनी कार्टूनची युक्ती, उंचापुढे बुटका. आता त्याच गावाच्या जवळून मोठा महामार्ग जातो आणि ते चर्च प्रवाशांसाठी रस्त्यावरचं चर्च म्हणून उघडं ठेवतात.

या मालिकेतली निदान दोन चित्रं न्यूयॉर्कला बघता येतात, १९२१ चं आठवं व्हिटनी म्युझियमकडे आणि १९३६ चं तेरावं मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे. दोन्ही शेजारी शेजारी उघडून बघा. रंग पातळ, थरावर थर, आणि कडा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ, पण एका बाजूनं धारदार आणि दुसऱ्या बाजूनं विरत गेलेल्या. प्रत्येक पट्टा असाच, एक बाजू कडक, एक बाजू विरळ. तेवढ्यावर सगळा उजेड उभा आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. पहिलं महायुद्ध. एप्रिल १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली आणि बर्लिनमध्ये राहणारा हा अमेरिकन नागरिक एका दिवसात शत्रूराष्ट्राचा माणूस ठरला. ३० वर्षं तिथं राहिलेला, तिथली भाषा बोलणारा, तिथल्या पोरांचा बाप. फिरण्यावर बंधनं, पोलिसात हजेरी. गंमत बघा, त्याच वर्षी बर्लिनच्या श्टुर्म गॅलरीत त्याचं पहिलं मोठं स्वतंत्र प्रदर्शन झालं, म्हणजे एकीकडे नाव होतंय आणि दुसरीकडे शहराबाहेर पडायला परवानगी लागतेय. युद्धामुळे सामानाचीही मारामार. अशा वेळी, १९१८ मध्ये, त्यानं लाकूड हातात घेतलं. लाकडाचे छोटे तुकडे, छोट्या पट्टाशा, मिळेल तो पातळ कागद. त्या एका वर्षात शंभराहून जास्त वुडकट केले! मी स्वतः हे काम करते म्हणून सांगते, वर्षाला १५-२० नीट ब्लॉक झाले तर मी खूश असते. शंभर म्हणजे माणूस दुसरं काही करतच नव्हता.

आणि वुडकटनं त्याच्या पेंटिंगचं काय केलं ते फार थोडे लोक बोलतात. लाकडात मधला रंग नाही. कोरलं की पांढरं, ठेवलं की काळं. पेन्सिलीत तुम्ही थोडं दाबून, थोडं हलकं करून वेळ मारून नेता, इथं प्रत्येक ठिकाणी ठरवायला लागतं, हे राहणार का जाणार. शिवाय चित्र उलटं कोरायचं, छापल्यावर सुलटं. आणि सरळ रेघ लाकडाला आवडते, विशेषतः रेषांच्या दिशेनं गेलं की पट्टाशी लोण्यासारखी जाते, आडवं गेलं की चिरफळ्या उडतात. फायनिंगरचे ठसे जवळून बघितले तर दिसतं की तो लाकडाशी भांडत नाही, सरळ सरळ घाव, तिरपे घाव, गोलाई जवळजवळ नाहीच. याच्या आधीची त्याची पेंटिंग्ज आणि नंतरची पेंटिंग्ज शेजारी ठेवा, नंतरच्यात आकार कमी झालेत, मोठे झालेत, शांत झालेत. युद्ध, बंदी, टंचाई यातून हे आलं. बरं झालं असं मी म्हणणार नाही, त्या माणसानं ते दिवस फार वाईट काढले असणार, पण जे झालं ते असं झालं.

युद्ध संपलं, आणि एप्रिल १९१९ मध्ये वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियसनं वायमारला बाउहाउस काढलं. चार पानांचा जाहीरनामा, आणि त्याच्या पहिल्या पानावर फायनिंगरचा वुडकट, कॅथेड्रल. एकही शब्द न वाचता ते पान कळतं. मधे उंच मनोरा, बाजूला दोन लहान, तिन्ही टोकांवर तारे, आणि ताऱ्यांतून निघालेले पांढरे किरण एकमेकांना छेदत सगळं आकाश भरून टाकतात. तीन तारे म्हणजे वास्तुकला, चित्रकला, शिल्पकला, असं साधारण सगळे सांगतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणते, अर्थ बाजूला ठेवा, किरण मोजा आणि बघा कुठला किरण मनोऱ्याच्या पुढून जातो आणि कुठला मागून. तुम्हाला उत्तर मिळणार नाही, कारण काही ठिकाणी पांढरी रेघ इमारतीच्या कडेचीही आहे आणि किरणाचीही आहे, एकाच घावात दोन कामं. एवढ्याशा ब्लॉकमध्ये त्यानं इमारत आणि उजेड वेगळे ठेवलेच नाहीत. एकदा मी हा ठसा अभ्यासासाठी कॉपी करायला घेतला, आठ दिवस लागले, आणि मधल्या मनोऱ्यापाशी दोनदा चुकले, कारण एक घाव जादा गेला की किरण तुटतो आणि भिंत पडते.

तर तुमचं दुसरं उत्तर हे. ग्रोपियसनं अगदी सुरुवातीला ज्यांना मास्टर नेमलं त्यात पहिलं नाव फायनिंगरचं, आणि त्याला छपाईचं वर्कशॉप दिलं. तिथं प्रत्येक वर्कशॉपला एक चित्रकार आणि एक कारागीर अशी जोडी असायची, इथं कारागीर होता कार्ल झाउबिट्झर. १९२१ मध्ये वर्कशॉपमधून फायनिंगरच्या १२ वुडकटचा पोर्टफोलिओ निघाला, मग युरोपातल्या नव्या ग्राफिक कलाकारांचे पोर्टफोलिओ निघाले. म्हणजे १५ वर्षं छपाईसाठी चित्रं काढलेला माणूस छपाईचा मास्टर झाला. यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे? त्याला शाई कळत होती, कागद कळत होता. ज्या कामात वेळ गेली असं तुम्हाला वाटतंय तसल्याच कामामुळे त्याला ती खुर्ची मिळाली असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

इथं एक आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचं प्रदर्शन झालं, त्यात बाउहाउसच्या मंडळींचं काम वायमारहून आलं होतं, क्ले, कान्डिन्स्की, इटेन आणि फायनिंगरसुद्धा. कलेच्या इतिहासकार स्टेला क्रामरिश तेव्हा बंगालमध्ये शिकवत होत्या, त्यांनी इटेनला लिहून हे जुळवून आणलं. त्याच प्रदर्शनात गगनेंद्रनाथ ठाकूर, अवनींद्रनाथ, नंदलाल बोस यांची चित्रं. गगनेंद्रनाथ त्या काळात स्वतः उजेडाचे तुकडे पाडलेली चित्रं करत होते. जिने, दारं, त्यातून येणारा प्रकाश. ती आणि फायनिंगरची चित्रं एका छताखाली लागली होती हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. जर्मनीतल्या लोकांनासुद्धा नवीन असलेलं काम १९२२ मध्ये भारतात बघायला मिळत होतं.

पुढची वर्षं पटापट सांगते. १९२४ मध्ये गाल्का शायर या बाईंनी फायनिंगर, क्ले, कान्डिन्स्की आणि याव्लेन्स्की यांचा ब्लू फोर नावाचा गट करून त्यांचं काम अमेरिकेत न्यायला सुरुवात केली. १९२५ मध्ये बाउहाउस डेसाउ शहरात गेलं, फायनिंगरनं शिकवण्यातून सुटका मागून घेतली, पण राहायला मास्टरांच्या घरांतलं एक घर मिळालं, जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात बाउहाउसचाच मास्टर मोहोली-नागी. दुसऱ्या महायुद्धात मोहोलीचा अर्धा भाग बॉम्बनं गेला, फायनिंगरचा अर्धा उरला, आता तिथं संगीतकार कुर्ट वाइलच्या नावाचं केंद्र आहे. उन्हाळ्यात बाल्टिक समुद्राकाठी डेप नावाच्या गावी जायचं, बोटी आणि ढग काढायचे. संध्याकाळी बाखचं संगीत, १९२१ पासून तर तो स्वतः फ्यूग, म्हणजे एकच धून आळीपाळीनं वेगवेगळ्या आवाजांत गुंफत जाणाऱ्या रचना, लिहायला लागला होता, आई-वडिलांचं संगीत शेवटी असं बाहेर आलं. पोरांसाठी लाकडाची खेळणी कोरायची, वाकडी घरं आणि रंगवलेली माणसं, ती खेळणी बघितली की विली विंकी परत दिसतो. आणि १९२९ ते १९३१ मध्ये हाले शहरानं बोलावून मोरिट्झबुर्ग किल्ल्याच्या बुरुजात स्टुडिओ दिला, तिथं त्यानं हालेची ११ तैलचित्रं केली, चर्चं, चौक, गल्ल्या. तयारीला त्यानं कॅमेरासुद्धा वापरला, साठीच्या उंबऱ्यावर, मुलांचं बघून. शहरानं चित्रकाराला जागा देऊन शहराचीच चित्रं करून घ्यावीत, हे मला आपल्याकडच्या एखाद्या महापालिकेनं मनावर घ्यावं असं फार वाटतं. भुईकोट किल्ले आणि वाडे आपल्याकडे काय कमी आहेत?

१९३१ ला बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात साठीनिमित्त मोठं प्रदर्शन. आणि त्यानंतर दोन वर्षांत सगळं उलटं. नाझी आले, १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडलं, युलिया ज्यू घरातली. १९३६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजनं शिकवायला बोलावलं, तो जाऊन परत आला, आणि जून १९३७ मध्ये दोघं कायमचे निघाले. १९ जुलैला म्युनिकमध्ये नाझींनी आधुनिक कलेची नालस्ती करायला भरवलेलं ते कुप्रसिद्ध विकृत कलेचं प्रदर्शन उघडलं, त्यात त्याची चित्रं टांगली होती. जर्मन म्युझियममधून त्याची शेकडो कामं जप्त झाली, हालेची सगळीच्या सगळी ११ गेली, त्यातली थोडीच पुढे परत मिळाली. जी चित्रं त्याला सोबत नेता आली नाहीत त्यातली बरीचशी हेर्मान क्लुम्प या बाउहाउसच्या जुन्या विद्यार्थ्यानं क्वेडलिनबुर्ग या गावात लपवून ठेवली. युद्ध संपल्यावर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि चित्रं कुणाची यावर फायनिंगर कुटुंबाशी वाद झाला, १९८० च्या दशकात तैलचित्रं कुटुंबाला परत मिळाली. क्लुम्पकडच्या ठशांवर तिथं १९८६ मध्ये फायनिंगरच्या नावाची गॅलरी उघडली. जर्मनीला गेलात तर बर्लिनच्या आधी तिकडे जा. ठसे डोळ्यांपासून वीतभर अंतरावर बघता येतात, कागद किती पातळ आहे आणि शाई कुठं कमी लागलीये ते दिसतं.

न्यूयॉर्कला उतरला तेव्हा तो ६५ वर्षांचा होता, साधारण ५० वर्षांनी घरी. लहानपणीचं शहर गायब. पहिली दोनेक वर्षं त्याच्याकडून फारशी पेंटिंग्ज झाली नाहीत, १९३९ च्या जागतिक मेळ्यासाठी भिंतीवरची कामं केली, आणि मग १९४० पासून मॅनहॅटन काढायला लागला. ती चित्रं बघा, गेल्मेरोडाच्या कळसाच्या जागी गगनचुंबी इमारती, पण रेघ आता कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, रंग वेगळा तरंगतोय. काही समीक्षक या काळाला उतरता म्हणतात. मला मुळीच तसं वाटत नाही, ६५ व्या वर्षी घर, देश, नाव, सगळं परत शून्यातून उभं करणाऱ्या माणसाचा हात इतका हलका राहिला हेच मोठं आहे. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं त्याचं मोठं प्रदर्शन केलं. १३ जानेवारी १९५६ ला तो गेला, वय ८४, शेवटपर्यंत काम चालू.

आता तुमचं. सुरुवातीला म्हटलं होतं त्या मुद्द्यावर येते, की तो नवे विषय न शोधता त्याच त्या गोष्टी परत परत काढायचा. फायनिंगर बाहेर जाऊन खिशातल्या वहीत पेन्सिलीनं छोटी छोटी स्केचेस करायचा, नोंदी म्हणायचा त्यांना, आणि त्यांवर तारीख टाकायचा. अशी हजारो आहेत, हार्वर्डच्या संग्रहालयात पाच हजारांवर. जर्मनीत १५-२० वर्षांपूर्वी केलेलं स्केच काढून तो न्यूयॉर्कमध्ये त्यावरून पेंटिंग करायचा. म्हणून तुम्ही आज मोठा कॅनव्हास आणू नका, खिशात बसेल अशी वही घ्या. एक जागा ठरवा, रोजच्या जाण्यायेण्यातली, लोकलचा पूल असेल, पाण्याची टाकी असेल, जी तुम्हाला लहानपणापासून आवडते ती, आणि तिची महिनाभर रोज एक पाच मिनिटांची नोंद, खाली तारीख.

महिन्यानं त्यातली एक नोंद निवडून वुडकट करा. साधा पाइन प्लायचा तुकडा पोस्टकार्डाएवढा, व्ही आकाराच्या धारेची एक आणि यू आकाराच्या धारेची एक पट्टाशी, कोरताना हात नेहमी धारेच्या मागे. आधी सगळा ब्लॉक काळ्या शाईनं पातळ रंगवून घ्या म्हणजे कोरलेलं पांढरं लगेच दिसतं, आणि नोंदीतलं जे अर्ध्या घावात सांगता येत नाही ते सोडून द्या. शाई रोलरनं अगदी पातळ लावायची, रोलर फिरताना चिकट बारीक आवाज आला की पुरे. प्रेस लागत नाही, पातळ नेपाळी कागद वर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासा, मधून बाहेर. पहिले दोन ठसे खराब येतील, तिसऱ्याला लाकूड शाई पिऊन बसतं आणि मग नीट उमटतं. तो तिसरा ठसा आला की फोटो इथंच टाका, ब्लॉकचाही टाका, कुठं जास्त कोरलंय ते ब्लॉकवरून जास्त कळतं, मी बघून सांगते.